व्होल्टेज वाढेल, उष्णतेचं काय?

एनव्हिडियाचं जीफोर्स ८८०० जीटी हे ग्राफिक्स कार्ड ऑक्टोबर २००७मध्ये बाजारात आलं आणि बेताच्या बजेटवाल्या गेमर्सची चांदी झाली. ६५ नॅनोमीटरची चिप, ५१२ एमबी मेमरी, ६०० मेगाहर्ट्झचा वेग. काटकसर झाली ती पंख्यात. एका स्लॉटात मावणारा चपटा कूलर, त्यात आवाज नको म्हणून पंखा मुद्दाम संथ ठेवलेला. खेळ रंगात आला की चिप ९० अंशांच्या घरात जायची. हौशी लोकांना मात्र यातच वाव दिसला.

सॉफ्टवेअरमधून चिपच्या घड्याळाचा वेग वाढवला की बरीच कार्डं ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास मुकाट्याने चालायची. त्यापुढे रेटलं की पडद्यावर रंगीत ठिपके उमटायचे किंवा मशीन सरळ गोठायचं. ट्रान्झिस्टरला शून्यातून एकवर जायला वेळ पुरत नाही, हे त्याचं कारण. व्होल्टेज वाढवलं की तो वेळ कमी होतो.

ते वाढवायची युक्ती मोठी चतुर आहे. कार्डावरचा पॉवर कंट्रोलर चिपला जाणारं व्होल्टेज दोन रेझिस्टरांमधून विभागून घेतो आणि आपल्याकडच्या ठरावीक संदर्भाशी सतत ताडून पाहतो. यातल्या खालच्या, म्हणजे ग्राउंडकडच्या रेझिस्टरचा रोध घटवला की कंट्रोलरला वाटतं व्होल्टेज कमी पडतंय. तो बिचारा आणखी देतो. तांदळाच्या कणीएवढ्या त्या रेझिस्टरवर मऊ शिशाची पेन्सिल घासली तरी काम होतं, कारण ग्राफाइटमधून वीज वाहते. जमलं नाही तर अल्कोहोलने पुसून टाकायचं. पण पेन्सिलीचा थर बेभरवशाचा. सोल्डरिंगचा हात बसलेले लोक त्याच रेझिस्टरला समांतर बरेच फेरे घेणारा प्रीसेट, म्हणजे फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर, जोडतात. तो आधी सर्वाधिक रोधावर ठेवायचा, मल्टीमीटर लावायचा, मगच कार्ड सुरू करून हळूहळू फिरवायचा. प्रीसेट चुकून उलट्या टोकाला राहिला, तर पहिल्याच झटक्यात कार्ड गेलं म्हणून समजा.

इथवरचं सगळं स्वस्तातलं काम. खरा खर्च पुढे आहे. चिपची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवा, उष्णता ३३ टक्क्यांनी वाढते. शिवाय चिप तापली की गळती प्रवाहही वाढतो, आणि तो तिला आणखी तापवतो. म्हणून माझ्या मते प्रीसेट विकत घेण्याआधी कूलर बदलावा. कित्येकदा वाळलेली थर्मल पेस्ट काढून नवी लावली तरी काही अंशांचा फरक पडतो.

या कार्डावर आर्क्टिक कूलिंगचा अ‍ॅक्सेलेरो एस१ लोकप्रिय होता. मुळात बिनपंख्याचा, रुंद पात्यांचा हीटसिंक. लोक त्यावर १२० मिलिमीटरचा पंखा प्लास्टिकच्या टायने आवळून बसवत. पण असे कूलर चिपवर बसतात, आणि चिपला वीज पुरवणारे मॉसफेट अनेकदा उघडेच राहतात. व्होल्टेज वाढवल्यावर जास्तीचा सगळा प्रवाह त्यांच्यातूनच जातो. पडद्यावर चिपचं तापमान ६० अंश दिसतं, सगळं आलबेल वाटतं, आणि तिकडे मॉसफेट जळण्याच्या बेतात असतात. त्यांच्यावर छोटे हीटसिंक चिकटवणं आणि हवेचा झोत थेट तिथे जाईल असं पाहणं, हे कंटाळवाणं काम कुणी टाळू नये. हवेने थंड करायचं तर खोलीच्या तापमानाखाली जाताच येत नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे हा प्रयोग करणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं.

मेमरीचा पुरवठा वेगळा असतो, त्यामुळे चिपचं व्होल्टेज वाढवून मेमरी पळत नाही. आणि कार्ड कितीही पळवलं तरी ते डायरेक्टएक्स १०चंच. ११ किंवा १२ मागणारा खेळ सुरूच होणार नाही. तेव्हा हे उद्योग आता थ्रीडीमार्क०६ या चाचणीत आकडा वर न्यायला आणि त्या काळचे खेळ जरा जास्त सफाईने खेळायला. त्यासाठी जुन्या बाजारातलं, गेलं तरी फारसं वाईट वाटणार नाही असं कार्ड निवडावं. घरातल्या एकुलत्या एका कार्डावर पेन्सिल फिरवू नये.