गुडघ्याची गोळी आणि घाटाखालचं पाणी

सोयाबीनची सोंगणी उरकते, कपाशीची पहिली वेचणी होते आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या मेडिकल दुकानांत गुडघ्याच्या गोळीची मागणी सुरू होते. बाई स्वतः येते, नाहीतर पोराला पाठवते. चिठ्ठी असली तर दोन वर्षांपूर्वीची. दुकानदार पट्टीतून चार गोळ्या कापून देतो आणि कापलेल्या तुकड्यावर औषधाचं नावसुद्धा धड उरत नाही.

त्या गोळीत बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक असतं. अख्खी पट्टी हातात घेतली तर कडेला उभी लाल रेघ दिसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकायचं नाही, अशी ती खूण आहे. गोळी वाईट नाही. संधिवाताच्या कित्येक रुग्णांना तिच्यामुळेच सकाळी उठून चूल पेटवता येते. मात्र तिच्याबद्दल ज्या समजुती पसरल्या आहेत, त्यांतल्या काही माणसाला थेट डायलिसिसपर्यंत नेऊ शकतात.

सगळ्यात लोकप्रिय समजूत म्हणजे "जेवून घेतली की काही होत नाही." १९७१ साली जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ॲस्पिरिनसारखी औषधं काम कशी करतात ते शोधलं आणि १९८२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनू देत नाहीत. सांध्यात सूज आणि ठणका आणणारी हीच द्रव्यं जठराचं अस्तर सांभाळतात आणि किडनीचा रक्तपुरवठाही टिकवून धरतात. गोळी रक्तात मिसळली की ती सगळीकडेच पोचते. पोटात भाकरी असली तर जळजळ कमी होईल, जठराला व्रण व्हायचा धोका टळत नाही.

"मग सुई मारून घेऊ, पोटाला त्रास नको" हा उपायही त्यामुळेच फसवा आहे. सुईतलं औषधही रक्तातूनच जठरापर्यंत जातं. साठी ओलांडलेल्यांना, पूर्वी अल्सर झालेल्यांना, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना डॉक्टर सोबत ॲसिड कमी करणारी गोळी देतात, ती खरंच उपयोगी पडते. पण ती राखते फक्त पोट. किडनी आणि हृदयाशी तिचा संबंध नाही.

किडनीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण हा जिल्हा बुलढाणा आहे. घाटाखाली पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा पसरला आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागांत विहिरीचं आणि बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. यातल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतले किडनीचे रुग्ण हा कित्येक वर्षं चर्चेचा विषय आहे आणि बोट दरवेळी पाण्याकडे जातं. पाण्याचा वाटा किती, यावर वाद घालता येईल. वेदनाशामक गोळीने किडनीला इजा होऊ शकते, यावर वाद नाही. किडनी आधीच अधू असेल तर हीच गोळी तिला आणखी खाली ओढते. ज्या गावात घरटी किडनीची भीती आहे, तिथे ही गोळी चिवड्याच्या पुडीसारखी विकली जावी, हे मला पाण्याइतकंच गंभीर वाटतं.

हे घडतं कसं? अंगातलं पाणी कमी झालं की किडनीच्या रक्तवाहिन्या आकसू लागतात. त्या वेळी प्रोस्टाग्लँडिन त्यांना उघडं ठेवतं. वैशाखात दिवसभर शेतात राबणारा माणूस घामाने निथळतो, खारं पाणी नको म्हणून कमी पितो आणि संध्याकाळी अंग ठणकतं म्हणून गोळी घेतो. किडनीला प्रोस्टाग्लँडिनच्या मदतीची सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच ती मदत बंद होते. जुलाब-उलट्या चालू असतानाही हाच धोका असतो. शेगावहून पालखीसोबत पंढरपूरला पायी जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं; रोज चालायचं आणि रोज गोळी घ्यायची, हे गणित किडनीला महागात पडू शकतं.

त्यातच रक्तदाबाची गोळी चालू असेल तर? रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि ही गुडघ्याची गोळी, अशी तिन्ही एकत्र आली की किडनी अचानक बंद पडण्याचा धोका चांगलाच वाढतो. वेदनाशामकाने रक्तदाब वाढतो आणि रक्तदाबाच्या गोळीचा असरही कमी होतो. रक्तदाबाचे डॉक्टर एक आणि गुडघ्याचे दुसरे असतील, तर हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

"लघवी साफ होते, म्हणजे किडनी चांगली" असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. किडनीचं बरंच काम बंद पडेपर्यंत लघवी नेहमीसारखी होत राहते. खरी कल्पना रक्तातल्या क्रिएटिनिनच्या तपासणीवरून येते आणि ती सरकारी रुग्णालयातही होते. गोळी लांबवायची असेल तर आधी ही तपासणी करावी आणि पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा करत राहावी.

डायक्लोफिनॅकचं नाव गिधाडांमुळेही गाजलं. हे औषध दिलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाणारी गिधाडं किडनी निकामी होऊन मरत होती. २००४ मध्ये हे उघड झालं आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी आणली. गिधाडाचा हिशेब माणसाला लागू होत नाही, हे खरंच. तरी किडनीचा विषय निघाला की मला ते आठवतं.

हृदयाची भीती आपल्याकडे फारशी कुणाला नसते. २००४ मध्ये रोफेकॉक्सिब हे पोटाला सौम्य म्हणून गाजलेलं औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे जगभरातून मागे घ्यावं लागलं. मग जुन्या औषधांचीही चौकशी झाली आणि २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियंत्रकांनी हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांना डायक्लोफिनॅक देऊ नये असं सांगितलं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाने शेजाऱ्याची पट्टी उसनी घेऊ नये, ती यासाठी.

"एका गोळीने भागत नाही, दोन कंपन्यांच्या घेतो." कंपन्या दोन असल्या तरी औषध एकाच घराण्यातलं. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब यांतली दोन एकत्र घेतली तर आराम फारसा वाढत नाही, धोका मात्र वाढतो. मोठ्या माणसाला डायक्लोफिनॅक दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत आणि बहुतेकांचं त्याहून कमीत भागतं. गोळीच्या नावापुढच्या 'एसपी'मधला 'एस' म्हणजे सेराशिओपेप्टिडेज. त्याचा उपयोग सिद्ध झाला नाही म्हणून २०११ मध्ये जपानी कंपनीने आपलं हे उत्पादन मागे घेतलं. आपल्याकडे ते अजून जोरात खपतं. 'एसआर' लिहिलेली गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते, तिचे तुकडे करू नयेत.

उलट्या बाजूचाही एक गैरसमज आहे: "सवय लागेल, म्हणून दुखलं तरी घेणार नाही." या गोळ्यांची अफूसारखी सवय लागत नाही. गाउटचा झटका असो की मणक्याचा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, डॉक्टर त्या मुद्दाम आणि नियमाने देतात. आमवातात मात्र त्या फक्त ठणका कमी करतात, सांधा झिजायचा थांबत नाही. दोन्ही हातांची बोटं सुजतात, सकाळी तासभर आखडलेली राहतात, असं असेल तर गोळ्यांवर महिने काढू नयेत. त्या आजाराची औषधं वेगळी आहेत आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं.

वयानुसार झिजलेल्या गुडघ्याला आधी जेल लावून पाहावं. जेलमधलं औषध गोळीच्या मानाने रक्तात फारच थोडं, साधारण ६ टक्के उतरतं. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही गुडघ्यासाठी मलम गोळीच्या आधी येतं. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम लागतोच, पण तो कंटाळवाणा असतो आणि बाटलीत मिळत नाही.

बाजारातल्या बिननावाच्या 'आयुर्वेदिक' पुडीबद्दल एवढंच: दोन दिवसांत जादू झाली तर आत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नये, पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावं.

पावसाळ्यात तापासोबत सांधे दुखू लागले, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत यातली एकही गोळी नको, रक्तस्रावाची भीती असते. तोवर पॅरासिटामॉल चालतं. गरोदर बाईने, विशेषतः पाचव्या महिन्यापासून पुढे, या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

गोळी चालू असताना डांबरासारखी काळी शी झाली, पायांवर सूज आली, लघवी कमी झाली, दम लागला किंवा अंगावर पुरळ उठलं, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि रिकामी पट्टी सोबत न्यावी. औषधाचा त्रास झाल्याची नोंद रुग्णालाही १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते.