पालवणकर विठ्ठल : चौरंगी क्रिकेटमधील जात आणि कर्णधारपद

प्रस्तावना : जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याने १९१५ मध्ये जागतिक हेवीवेट अजिंक्यपद गमावले. त्यानंतर १९३७ मध्ये जो लुईला संधी मिळेपर्यंत एकाही कृष्णवर्णीय आव्हानवीराला त्या पदासाठी लढता आले नाही. हॅरी विल्सची उमेदीची वर्षे केवळ प्रतीक्षेत गेली. याच काळात मुंबईच्या मैदानावर वर्णाऐवजी जातीची रेषा आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या पालवणकर विठ्ठल यांच्या कारकिर्दीचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विठ्ठल हे चर्मकार समाजातील चार क्रिकेटपटू बंधूंपैकी एक. ज्येष्ठ बंधू बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. तत्पूर्वी पुण्यात युरोपियनांच्या क्लबात त्यांनी जे. जी. ग्रेग यांना सरावासाठी अखंड गोलंदाजी केली. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही. पुढे हिंदू संघात चेंडू सर्वांनी हाताळला, पण चहा त्यांना मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून मिळे. गोलंदाजी म्हणजे श्रम, ते कोणीही करावेत. अधिकार मात्र उच्चवर्णीयांचा, अशी ही विभागणी होती. त्यामुळे फलंदाज असलेल्या विठ्ठल यांचा कर्णधारपदावरील हक्क व्यवस्थेला अधिक अडचणीचा ठरला असावा.

१९२० मध्ये हा पेच उघड झाला. बाळूंना वगळण्यात आले. कर्णधारपद म. द. पै यांच्याकडे आणि त्यांच्या आजारपणात दि. ब. देवधरांकडे गेले. विठ्ठल व शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. वृत्तपत्रांतून वाद पेटला. अखेर बाळू उपकर्णधार म्हणून परतले, दोघे भाऊही परतले आणि अंतिम सामन्यात पै मैदानाबाहेर गेले असता नेतृत्व बाळूंनी केले. हे नेतृत्व उसने होते, हे विसरता येत नाही.

पूर्ण अधिकाराचे कर्णधारपद १९२३ मध्ये विठ्ठल यांना मिळाले. अस्पृश्यतानिवारणाची चर्चा तेव्हा राजकीय सभांतून होत होतीच. तथापि केवळ त्या वातावरणाला श्रेय देणे म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या बहिष्काराचे मोल कमी लेखणे होय. त्याच वर्षी हिंदू संघ विजेता ठरला. १९२४ मध्ये मुस्लिम संघाने बाजी मारली; १९२५ व १९२६ मध्ये विजेतेपद पुन्हा हिंदूंकडे आले.

एवढे असूनही विठ्ठल यांची ओळख 'बाळूंचे बंधू' इतकीच उरली. भारताचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ चा. तोवर त्यांची कारकीर्द सरली होती. कसोटीच्या आकडेवारीवर पोसलेल्या क्रीडालेखनात चौरंगी सामन्यांना तळटीपेइतकीच जागा मिळते. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेले 'माझे क्रीडा-जीवन' हे त्यांचे मराठी आत्मचरित्र दलित आत्मकथनांच्या लाटेच्या बऱ्याच आधीचे आहे. मात्र मैदानावरचे म्हणून की काय, साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे फारसे वळून पाहिले नाही.