गुलमर्गचे हिम

काश्मीरमधील गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवर असून स्कीइंगसाठी प्रसिद्ध आहे. तेथे हिवाळ्यात हिम आणतात ते पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ. ते दुबळे पडले, की आकाश निरभ्र राहते आणि दिवसा ऊब वाढते.

हंगामाच्या आरंभीचा हिमाचा थर मुळातच पातळ. उन्हाने त्याचा पृष्ठभाग वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि भुसभुशीत हिमाच्या जागी काचेसारखा कठीण पापुद्रा तयार होतो. त्यावर स्कीची पकड राहत नाही. मधूनमधून खडकही डोके वर काढतात. नवशिक्यांचे उतार खालच्या कुरणात असल्यामुळे ही झळ प्रथम त्यांनाच लागते. अफरवट शिखराकडे हिम अधिक टिकते. पण तेथे जाणे नवशिक्याचे काम नव्हे.

२१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे ‘चिल्लई कलान’, कडाक्याची थंडी. जानेवारी २०२४ मध्ये नेमकी याच दिवसांत कुरणे उघडी, तपकिरी पडली होती. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीतील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा हिमाअभावी मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. पर्यटक आपला बेत बदलू शकतो. स्की भाड्याने देणारा, स्लेज ओढणारा कोठे जाणार? शिवाय उन्हाळ्यात झऱ्यांना आणि सफरचंदांच्या बागांना मिळणारे पाणीही याच हिमाचे.