वही देणारा हात

परीक्षा जवळ आली, की सुशिक्षित घरांतून एक ताकीद हमखास ऐकू येते : “आपली वही कुणाला देऊ नकोस!” अशा आईबापांनी या दिवाळीच्या सुटीत मुलांबरोबर ‘शार्लट्स वेब’ ही अद्‌भुतरम्य बालकादंबरी वाचावी. ई. बी. व्हाइट या अमेरिकन लेखकाने ती १९५२ साली प्रसिद्ध केली.

विल्बर हे डुकराचे पिल्लू. नाताळात आपल्यावर सुरी चालणार, हे कळताच ते आक्रोश करते. दारावर जाळे करून राहणारी शार्लट त्याला अभय देते. ही इवलीशी कोळीण! तिच्यापाशी ना बळ, ना पैसा. आहे ते फक्त विणण्याचे कसब. ती जाळ्यात विल्बरच्या स्तुतीचे शब्द विणते, पाहायला माणसे लोटतात आणि पिल्लाचा जीव वाचतो. पुढे जत्रेच्या मैदानात ती एकटीच मरते. तिची अंड्यांची पिशवी विल्बर तोंडात जपून घरी आणतो. मैत्रीचे ऋण असे पुढच्या पिढीपाशी फिटते.

हे केवळ गोष्टीतच घडते, असे म्हणाल? मग आमच्या धुळ्याच्या तुरुंगाकडे पाहा. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबा तेथे दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. पुढल्याच वर्षी ‘श्यामची आई’ लिहिणारी ती लेखणी! पण त्या रविवारी ती दुसऱ्याच्या शब्दांसाठी झिजली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली.

आपले कसब दुसऱ्याच्या कामी लावणे, हीच मैत्री. तेव्हा शेजारचा मुलगा वही मागायला आला, तर आपल्या मुलाचा हात धरू नका.