जुन्या काडतुसाचे वार्धक्य

हाताने पुन्हा भरलेली जुनी काडतुसे उकलून त्यांतील शिसे, दारू आणि पितळ परत उपयोगात आणता येईल काय, असा प्रश्न एका वाचकाने केला आहे. प्रश्न वरवर काटकसरीचा दिसला, तरी त्याच्या मुळाशी पदार्थांच्या वार्धक्याचे शास्त्र आहे.

शिशाला वार्धक्य असे जवळजवळ नाहीच. दारूचे मात्र तसे नाही. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने सिद्ध केलेली धूररहित दारू नायट्रोसेल्युलोजची असून ती बंद डब्यातही संथपणे विघटन पावते, आणि त्यातून सुटणारी नायट्रोजनची ऑक्साइडे त्याच विघटनाला अधिक वेग देतात. तूलों बंदरात १९०७ साली ‘इएना’ आणि १९११ साली ‘लिबेर्ते’ या फ्रेंच युद्धनौका अशाच दारूपायी उद्ध्वस्त झाल्या. या ऑक्साइडांना बांधून ठेवण्यासाठी डायफेनिलअमाइन मिसळतात खरे, परंतु तेही कालांतराने खर्ची पडते. शिवाय कारखान्याच्या मालाची नोंद दप्तरी असते, हाताने भरलेल्या काडतुसाची नसते. आणि दिसण्यात सारख्या दोन दारूंचा ज्वलनवेग अत्यंत भिन्न असू शकतो.

सर्वांत टिकाऊ भासते ते पितळ, आणि माझ्या मते खरी रसभरित हकीकत त्याचीच आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांनजीक ठेवली असता, एकही बार न उडता, त्यांच्या नळ्या आपोआप भेगाळत. थंड पितळ ओढून नळी घडवताना धातूच्या अंगी जो ताण कोंडला जातो, त्यावर घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत तांब्याशी संयोग पावून घाला घालतो, हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली सप्रमाण दाखवले. बेताची उष्णता देऊन तो ताण उतरवणे, हा त्यावरचा उपाय. नोबेलचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते, पण ज्यांनी धातूचे हे दुखणे ओळखले, त्या त्रयीचा उल्लेख क्वचितच होतो, याचा मला मनःपूर्वक खेद वाटतो.

पुन्हा भरलेल्या नळीवर तर प्रत्येक बाराचा आणि प्रत्येक वेळी पूर्ववत आकारात दाबल्याचा नवा ताण चढलेला असतो. आणि तिच्या बार पेटवणाऱ्या टोपीत पूर्वी पाऱ्याचे फल्मिनेट असेल, तर सुटलेला पारा पितळात भिनून त्याला ठिसूळ करतो. डोळ्यांना यांतले काहीच दिसत नाही. म्हणून माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: अशी काडतुसे घरी उकलू नयेत, पोलीस ठाण्यास कळवून ती रीतसर सुपूर्द करावीत. तज्ज्ञांच्या हाती त्यांतील दारू नष्ट व्हावी आणि शिसे व पितळ भट्टीत जावे. कारण बेताच्या उष्णतेने पितळाचा साचलेला ताण उतरला, तरी जुनी भेग वितळल्यावाचून नाहीशी होत नाही.