गाडी ‘मिसिंग’ मारते, पण कधी?

‘‘ताई, कार्बोरेटर गेलाय. नवीनच टाकावा लागेल. साडेतीन हजार धरून चाला.’’

गॅरेजवाल्या दादांनी दोन मिनिटांत निकाल दिला आणि माझ्या पोटात गोळाच आला. एव्हरशाईन सिटीत रोज सकाळी बारा घरी माझे डबे जातात, ते माझ्या २०११च्या गिअरलेस स्कूटरवरून. साडेतीन हजार म्हणजे पंधरा दिवसांची कमाई. आणि गाडी बंद म्हणजे डबेही बंद!

त्या पावसाळ्यात ती सकाळी हटकून अडखळायची. वसंत नगरीकडे वळताना आचके द्यायची, कधी मधेच बंद पडायची. ‘‘विचार करून सांगते,’’ म्हणत मी घरी आले.

मला आठवले आमचे अप्पा. त्यांच्या बजाज स्कूटरच्या डिकीत जादा प्लग, प्लगपाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा कायम असायचा. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्येच ऑइल. त्यामुळे प्लग लवकर काळा व्हायचा. पण पाना हातात घेण्याआधी अप्पा विचारायचे, ‘‘अडखळते कधी?’’

मैत्रिणींनो, इंजिनाला लागतं काय? हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण, ते दाबून धरणारा दाब आणि नेमक्या वेळी ठिणगी. मिश्रण कार्बोरेटर करतो, ठिणगी प्लग देतो. यातलं एक जरी चुकलं, तरी गाडी मिसिंग मारते. आपण गॅसची ज्योत पिवळी झाली की लगेच शेगडी बदलतो का? आधी बर्नर बघतो. तसंच हे!

मी दोन दिवस नुसतं लक्ष ठेवलं. पाऊस पडून गेला की आचके. दुपारी ऊन पडलं की गाडी लोण्यासारखी. जेटमध्ये कचरा असता तर तो उन्हात थोडाच पळून गेला असता? शंका आली ठिणगीवर.

इंजिन गार असताना सीटखालचं झाकण काढून प्लग खोलला. टोक बिस्किटाच्या रंगाचं, म्हणजे मिश्रण ठीक. कोरडी काळी काजळी असती तर पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढरंफटक असतं तर पेट्रोल कमी. ओलं असतं तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल ओव्हरफ्लो. प्लग परत बसवताना आधी हातानेच फिरवला, नाहीतर आटे जातात, बरं का!

रात्री मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी मेन स्टँडला लावून सुरू केली. लेकीला मागच्या चाकापासून लांब उभं केलं. इस्त्रीच्या फवाऱ्याने प्लगच्या टोपीवर किंचित पाणी मारलं. गाडी लगेच अडखळू लागली. तेवढ्यात लेक ओरडली, ‘‘आई, ते बघ निळं!’’ टोपीच्या बारीक चिरेतून ठिणगी बाहेरच इंजिनावर उडत होती. तिथे हात मात्र लावायचा नाही. हजारो व्होल्टचा झटका असतो.

दुसऱ्या दिवशी दादांना दाखवलं. नवीन टोपी बसली, दोनशेच्या आत काम झालं.

म्हणून कार्बोरेटर नेहमी निर्दोष असतो असं नाही हं! २०२०च्या लॉकडाऊनमध्ये गाडी काही महिने उभी होती, तेव्हा खरोखरच पेट्रोल सुकून जेट चिकटला होता. साफ करावाच लागला. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. जुनी गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल गॅरेजमध्ये काढून घ्यावं. एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या स्कूटरमध्ये कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं, पण आपल्यातल्या कितीतरी जणींची भिस्त अजून जुन्याच गाडीवर आहे.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. पावसानंतरच अडखळते? प्लगची टोपी आणि वायर बघा. गरम झाल्यावर बंद पडते, गार झाली की चालू होते? कॉइलची शंका घ्या. उभ्या-उभ्या बंद पडते, पळवली की ठीक? स्लोचा जेट. एक्सलेटर दिला की दम तोडते? मोठा जेट किंवा एअर फिल्टर. आणि जुलै २०१८मध्ये वसई पाण्याखाली होती, तसं गाडीत पाणी शिरलं असेल तर स्टार्टर मारूच नका. ढकलत गॅरेजला न्या.

परवा शेजारच्या वहिनींची गाडी अडखळायला लागली. त्या दादांकडे गेल्या, तर दादांनी पाना बाजूला ठेवत विचारलं म्हणे, ‘‘वहिनी, अडखळते कधी?’’

मला अप्पाच आठवले.