फळाशी चक्का जमतो, पण अननसाशी?

रात्री घोटून ठेवलेले अननसाचे श्रीखंड सकाळी कडवट लागले, तर चऱ्होलीतल्या घरातही ठपका बसतो तो डेअरीच्या चक्क्यावर. दोष बहुधा चक्क्याचा नसतो, जोडीचा असतो.

फळ आणि घट्ट दुग्धपदार्थ ही जोडी जगभर आवडते. इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये अ‍ॅपल पायसोबत चीज खातात. अमेरिकेतील व्हर्माँट राज्याने १९९९ मध्ये अ‍ॅपल पायला राज्याचा पाय ठरवताना सोबत चेडर चीज देण्याचा उल्लेख कायद्यातच केला. आपले आम्रखंड याच जातीचे. चक्का म्हणजे पाणी निथळलेले दही. त्याचा आंबटपणा आंब्याचा गोडवा तोलतो, तर चीजमधील मीठ सफरचंदाची गोडी खुलवते.

कच्च्या अननसात मात्र ब्रोमेलेन हे विकर असते. ते दुधातील केसीन या प्रथिनाचे तुकडे करते आणि त्यातले काही तुकडे कडू असतात. किवीचेही तसेच. उपाय सोपा आहे : अननसाच्या फोडी शिजवून, पूर्ण गार करून मगच चक्क्यात घाला. उष्णतेने विकर निकामी होते. डब्यातला अननस आधीच तापवलेला असल्याने तोही चालतो.

आंबा चांगला पिकलेला असेल, तर आम्रखंडात साखर कमी घाला. मधुमेहींनी आंब्यातली साखरही हिशेबात धरावी. रक्तदाब असलेल्यांनी चीजमधले मीठ विसरू नये.